फ्रेममध्ये माणूस नको

१२ फेब्रुवारी, सोमवार

आज निर्णय घेतला. पक्का. लिहून ठेवतोय, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

सकाळी एका गृहस्थांचा पासपोर्ट फोटो होता. नियमाप्रमाणे दोन्ही कान दिसायला हवेत. केस मागे घ्या म्हटलं, तर म्हणाले, मागे घेतले की टक्कल दिसतं. टक्कल झाकलं की कान झाकले जातात. पंचवीस मिनिटं हेच. शेवटी फोटो हातात घेऊन म्हणाले, मी असा दिसत नाही. स्टुडिओ काढून सत्तावीस वर्षं झाली, हे वाक्य रोज ऐकतोय. स्वतःचा चेहरा स्वतःला पटत नाही, आणि खापर माझ्या डोक्यावर.

दुपारी डोकं शांत करायला समुद्रावर गेलो. दुकानापासून सात मिनिटं, पण दोन वर्षांत फिरकलो नव्हतो. ओहोटी होती. ओल्या वाळूवर लाटांनी रेघा ओढून ठेवलेल्या, एकीला लागून दुसरी, नजर पोचेल तिथपर्यंत. मोबाइलवर एक फोटो काढला. वाळू म्हणाली नाही की मी अशी दिसत नाही.

ठरलं. यापुढे ॲबस्ट्रॅक्ट फोटोग्राफी. निसर्गातल्या आकृत्या. नियम एकच: फ्रेममध्ये माणूस नको.

बायकोला सांगितलं. तिने आधी भाजी चिरून संपवली. मग विचारलं, दुकानात कोण बसणार? म्हटलं, तू. सकाळचे दोन तास. बटणच तर दाबायचं असतं.

१३ फेब्रुवारी, पहाटे ५.३०

उठलो.

सकाळी ८.१०

पुन्हा उठलो. उद्यापासून नक्की.

१६ फेब्रुवारी

सूर्य तिरका असला की रेघांना सावली पडते आणि आकृती उठून दिसते. म्हणजे सकाळच हवी. हा शोध माझा स्वतःचा.

खेकड्यांनी बिळाभोवती वाळूच्या बारीक गोळ्या चांदणीसारख्या मांडल्या होत्या. इतकी सुबक रचना आजवर पाहिली नव्हती. ट्रायपॉड लावला, फोकस केला, श्वास रोखला. तेवढ्यात एक कुत्रा आला, वास घेतला, बरोब्बर मध्यावर बसला आणि माझ्याकडे बघायला लागला. हाड हाड केलं तर शेपटी हलवून उरलेली चांदणीही पुसली.

एकूण फोटो: ४१. कुत्रा असलेले: ३८. उरलेल्या तिनांत शेपूट.

२१ फेब्रुवारी

ही दुकानात बरी रमली आहे. पहिल्या दिवशी लेन्सचं झाकण न काढता एका माणसाला दहा मिनिटं बसवून ठेवलं, पण तो तक्रार न करता बसला होता म्हणे. तिला धीर दिला. म्हटलं, घाबरू नकोस, लोक माझं नाव बघून येतात, तू कसाही काढलास तरी घेऊन जातील.

शेजारचा शिंपी म्हणाला, वहिनींचा हात चांगला बसलाय. शिंप्याला फोटोतलं काय कळतंय? गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला आपला काळा कोट त्यानेच शिवलाय. तो सगळ्यांनाच ढगळ होतो, म्हणून मागून चिमटे लावावे लागतात.

२७ फेब्रुवारी

आजचा दिवस लिहावासा वाटत नाही, पण कलावंताने प्रामाणिक असावं.

लोक आकृत्या तुडवतात म्हणून चार काठ्या रोवून दोरी बांधली. आत दहा फूट कोरी वाळू, मध्ये काळ्या-पांढऱ्या वाळूचे पट्टे. ओणवा होऊन मोजमाप घेत होतो. मागून एका पेन्शनर गृहस्थांनी विचारलं, काय हरवलंय? काही नाही म्हटलं. त्यांना वाटलं, मी संकोचाने सांगत नाही. त्यांनी फिरायला आलेल्या दोन बायकांना बोलावलं. कोणीतरी म्हणालं, अंगठी आहे. पाच मिनिटांत वीस-एक माणसं दोरीच्या आत, ओणवी, हाताने वाळू उकरतायत. मी ओरडून सांगत होतो, अहो, काही हरवलं नाही. एक बाई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, मिळेल हो, धीर सोडू नका.

आणि मिळालं! कानातलं एक, मोत्याचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझं नाही म्हटलं, तर पेन्शनर म्हणाले, तुमचं कसं असेल, वहिनींचंच असणार. जबरदस्तीने हातात दिलं. खरी मालकीण शोधत ऊन होईपर्यंत किनारा पालथा घातला. शेवटी नारळपाणीवाल्याकडे ठेवून आलो.

फोटो: शून्य.

२ मार्च

लेकीचा फोन. जूनच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिली आहे डॉक्टरांनी. आईने मेच्या मध्यापासून तिच्याकडे येऊन राहावं म्हणतेय. मी म्हटलं, जरूर. मग तिला वाळूतल्या पट्ट्यांबद्दल सांगितलं, काळी वाळू वजनाने जड असते म्हणून वेगळी राहते वगैरे. ती म्हणाली, बाबा, मी काय सांगितलं ते ऐकलंत ना? म्हटलं, ऐकलं, जून. मग तिने फोन आईकडे द्यायला सांगितलं. मुलींना आईच लागते.

९ मार्च

भरतीचं वेळापत्रक बघूनच गेलो होतो. ते गेल्या महिन्याचं निघालं.

टोकाच्या खडकावर शेवाळाची फार सुंदर नक्षी आहे. मान खाली घालून तासभर काम केलं. मान वर केली तर चहूकडे पाणी, आणि चपला वीस फुटांवर तरंगत निघालेल्या. मला पोहता येत नाही. म्हणजे येतं, पण कॅमेरा घेऊन येत नाही.

शेवटी तिथे मासे धरणारा एक जाळीवाला कमरेएवढ्या पाण्यातून आला. मला पाठुंगळीला घेतलं, ट्रायपॉड दातांत धरायचा बाकी ठेवला. वाटेत म्हणाला, काका, पाणी चढताना दिसलं नाही? म्हटलं, मी खाली बघत होतो. तो म्हणाला, पाणी खालीच असतं. अशिक्षित माणूस. पण उपकार झाले. त्याला म्हटलं, ये कधीतरी दुकानात, माझं काम दाखवतो.

हिला काही सांगितलं नाही. अनवाणी का आलात विचारलं, तेव्हा म्हटलं, वाळूशी थेट संपर्क हवा.

१४ मार्च

लेन्स फिरवली की कर्र असा आवाज येतो. वाळू गेली असावी. आवाजाने चित्रात फरक पडत नाही.

२२ मार्च

जाळीवाला आज खरंच आला! सकाळी वारा होता म्हणून मी दुकानातच होतो. लगेच त्याला बसवून फेसाची सिरीज दाखवायला घेतली. लाट परतताना फेसाची जाळी होते, अगदी त्याच्या जाळ्यासारखी. म्हटलं होतं, त्याला तरी नक्की भिडेल. त्याने सगळे बारा फोटो अदबीने बघितले आणि विचारलं, काका, ह्यात काय झालंय?

मग त्याने खिशातून एक पासपोर्ट फोटो काढला. त्याची आई परवा गेली. दुसरा फोटोच नाही म्हणाला, मोठा करून हवाय. मागे आपल्याच दुकानाचा शिक्का होता. मी सांगत होतो की एवढा लहान फोटो वाढवला की दाणे दिसतात, पण त्या दाण्यांतही एक सौंदर्य असतं. तेवढ्यात ही आतून आली, तिने माझ्या हातातून फोटो घेतला, त्याला पाणी दिलं आणि विचारलं, आई डोक्यावरून पदर घ्यायच्या का? तो घडाघडा बोलायला लागला. मग रडला. मी फेसाचे फोटो गोळा केले.

हिने तीन दिवस लावून फोटो तयार केला. बरा आहे. जुन्या पद्धतीचा.

३ एप्रिल

वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंशी बोललो. वर्तमानपत्रांच्या खोलीतली भिंत आठवडाभर देतील. प्रदर्शन! ५ ते ११ मे. बाईंनी विचारलं, विषय काय? म्हटलं, विषय नसणं हाच विषय. त्यांनी रजिस्टरमध्ये ‘समुद्र’ लिहिलं.

संकल्प: रोज पहाटे साडेपाचला. साखर बंद. किमान पन्नास उत्कृष्ट फोटो.

११ एप्रिल

ही दाताच्या डॉक्टरकडे गेली म्हणून सकाळी मीच बसलो. पहिलं गिऱ्हाईक दारातून डोकावलं, काकू नाहीत का म्हणालं, नंतर येतो म्हणालं. दुसरंही तेच. तिसऱ्या होत्या एक बाई, कडेवर चार महिन्यांचं बाळ, पासपोर्टसाठी. बाळाला स्टुलावर कसं बसवणार? मी म्हटलं, बसायला लागल्यावर आणा. तेवढ्यात ही आली. बाईंच्याच डोक्यावरून पांढरी चादर टाकली, त्यांना खुर्चीत बसवलं, मांडीवर बाळ, मागे सगळं पांढरं. स्वतः गुडघ्यांवर बसून तोंडाने टिक टिक आवाज काढला. बाळाने बघितलं. एका क्लिकमध्ये संपलं.

ही युक्ती मला माहीत होती. वापरली नव्हती इतकंच.

२६ एप्रिल

पन्नास उत्कृष्ट फोटोंपैकी नऊ झाले. नऊ हा आकडा भिंतीला शोभतो. त्यातल्या दोनांत माझ्या अंगठ्याची सावली आहे, पण ती आकृतीत मिसळून गेली आहे. ही म्हणाली, छान मोठे झालेत. कसे आहेत विचारलं, तर म्हणाली, मोठे झालेत ना, छान.

५ मे, रविवार

उद्घाटन. ग्रंथपाल बाई दोन वाक्यं बोलल्या, त्यातलं एक पुस्तकं वेळेवर परत करण्याबद्दल होतं. हजेरी: ही, शिंपी, आणि वर्तमानपत्र वाचणारे सात जण. त्या सातांना आपण उद्घाटनाला आलोय याची कल्पना नव्हती.

अभिप्रायासाठी कोरी वही ठेवली आहे.

७ मे

चौथा फोटो उलटा टांगलाय. शिपायाची चूक. तीन दिवस लक्षात आलं नाही. कोणाच्या, ते महत्त्वाचं नाही.

८ मे

आज खरा रसिक भेटला! सुटाबुटातले गृहस्थ, प्रत्येक फोटोसमोर पाच-पाच मिनिटं. भिंगाचा चष्मा काढून जवळून बघितलं. मी मागेमागे. शेवटी वळून म्हणाले, विलक्षण. सातव्या क्रमांकाची तर केस फारच पुढे गेलेली दिसते. ते त्वचारोगतज्ज्ञ निघाले. रोग्यांना दाखवायला दवाखान्यात लावीन म्हणाले. वाळू आहे म्हटल्यावर चेहरा पडला.

नकार दिला. बाणेदारपणे. अर्थात त्यांनी पुन्हा मागितलेही नव्हते.

११ मे

प्रदर्शन संपलं. अभिप्राय चार.

१. पंखा आवाज करतो.
२. रविवारची पुरवणी कोणीतरी घरी नेतं. लक्ष द्यावे.
३. पंखा अजून आवाज करतो.
४. चित्रं शांत आहेत.

चौथा वाचून डोळ्यांत पाणी आलं. नंतर अक्षर ओळखलं. हिचं आहे.

१५ मे

ही गेली लेकीकडे. बसमध्ये बसल्यावर खिडकीतून सूचना: गॅस बंद करा, कोटाचे चिमटे मोजून ठेवा, गिऱ्हाइकांशी बोला. मी म्हटलं, मी काय मुका आहे? ती म्हणाली, वाळूबद्दल नाही, त्यांच्याबद्दल बोला.

जाताना माझा जुना छोटा कॅमेरा घेऊन गेली आहे. म्हणजे कळत-नकळत संस्कार होतोय. लेकीच्या घराजवळ तळं आहे. म्हटलं, सकाळी फिरायला जाशील तेव्हा काठावरच्या चिखलाकडे नीट बघ. काही मिळालं तर पाठव.

२० मे

दुकानात पाच जण आले. पाचही जणांनी विचारलं, काकू कधी येणार? सांगितलं, दोन महिने. चौघे म्हणाले, आम्हाला घाई नाही. पाचव्याला घाई होती. त्याचा फोटो काढला. कान, चष्मा, सगळं नियमात. दुपारी परत घेऊन आला. कचेरीत म्हणाले, अंधुक आहे. बघितलं तर मागचा पांढरा पडदा अतिशय स्पष्ट आला होता, प्रत्येक सुरकुती. माणूस तेवढा हलल्यासारखा.

सवय झाली आहे पार्श्वभूमीची. हा दोष नाही, ही दृष्टी आहे.

शिंप्याने सकाळपासूनचं ऐकलं असावं. चहा आणून ठेवला.

२४ मे

घर फार मोठं आहे, हे आधी लक्षात आलं नव्हतं. पोळ्या जमत नाहीत. भात रोज तळाला लागतो. एका पोळीवर करपल्याची नक्षी चांगली आली होती. फोटो काढला, मग तीच खाल्ली.

२८ मे

फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी एक फोटो टाकतो. ग्रुपवर ही, लेक, जावई, विहीणबाई, व्याही आणि मी. कोणी काही लिहीत नाही. सगळे बघतात मात्र. खऱ्या कलेपुढे माणूस निःशब्द होतो.

हिचा रोज एकच मेसेज: जेवलात का. मी रोज लिहितो: हो. यात आम्ही दोघंही आपापलं काम करतो.

१ जून

हिला फोन केला. बोलायचं होतं, पण काय ते ठरवलं नव्हतं. म्हटलं, तळ्याचं काय झालं? ती म्हणाली, अहो, इथं लेकीचे पाय सुजलेत, रात्रंदिवस धावपळ आहे, तळं कुठलं? मग म्हणाली, बघू, पाठवीन काहीतरी. तिच्या आवाजात मला उत्सुकता जाणवली.

फोन ठेवताना म्हणाली, फोन जवळ ठेवा हं. म्हटलं, ठेवतो.

३ जून, सकाळी ६.४०

आला! हिचा पहिला फोटो!

किनाऱ्यावर होतो. लक्ष विचलित होऊ नये म्हणून फोनचा आवाज बंद होता. फोन बघतो तर दोन मिस्ड कॉल आणि ग्रुपवर हिचा फोटो. खाली एक अक्षर लिहिलेलं नाही. मी नेहमी सांगायचो, फोटोखाली लिहायचं नसतं, बोलायचं ते फोटोनेच बोलावं. म्हणजे ऐकत होती!

खडकावर बसून दहा मिनिटं नीट पाहिला. अगदी जवळून काढलाय. मऊ, ओल्यासारखी जमीन, तिच्यावर बारीक आडव्या-तिडव्या रेघा, मध्ये किंचित खोलगट. गुलाबी झाक. पहाटेचा प्रकाश पकडलेला दिसतो. वरच्या कडेला पाच गोटे, मोठ्यापासून लहानापर्यंत उतरत्या ओळीत.

नवशिक्या माणसाला नुसतं छान म्हणून सोडून देणं हा त्याचा अपमान असतो. सविस्तर लिहिलं, ग्रुपवरच, म्हणजे सगळ्यांना शिकायला मिळेल:

‘पहिला प्रयत्न म्हणून कौतुक. रेघा चांगल्या टिपल्या आहेस. फोकस ठीक. पण वरचे पाच गोटे मुद्दाम मांडल्यासारखे वाटतात. निसर्ग इतका शिस्तीत वागत नाही, पुढच्या वेळी ते फ्रेमबाहेर ठेव. रंग जास्त गुलाबी. आणि मुख्य म्हणजे विषयात जीव नाही. निराश होऊ नकोस.’

सकाळी ७.०५

सगळ्यांनी वाचलंय. कोणी बोलत नाही. विहीणबाईंचा अंगठा आला. फोटोला आहे की माझ्या लिखाणाला, कळलं नाही. लिखाणालाच असावा. जाणकार बाई आहेत.

सकाळी ७.३०

हिचा फोन.

म्हणाली, अहो, पाय आहे तो.

म्हटलं, कोणाचा?

पहाटे पाचला झाली. मुलगी. ही म्हणाली, दोनदा फोन केला, तुम्ही उचलला नाहीत. मग वाटलं, सांगण्यापेक्षा दाखवावं, तुम्ही फोटोवाले, बघताक्षणी ओळखाल.

वजन विचारलं. अडीच किलो. लेक कशी आहे विचारलं. बरी आहे, आता झोपली. झोपण्याआधी तिने वाचलं का, विचारलं. ही म्हणाली, तिनेच मला वाचून दाखवलं.

काय म्हणाली?

‘विषयात जीव नाही’ हे वाक्य तिने दोनदा वाचलं, ही म्हणाली. मग बाळाला छातीशी घेतलं आणि पलीकडे तोंड करून पडली.

मी तिथेच वाळूवर बसलो. भरती लागली होती. चपला भिजल्या, उठलो नाही. फोटो पुन्हा उघडला. पाय आहे. आता दुसरं काही दिसतच नाही. टाच, तळवा, त्यावरच्या सुरकुत्या, इतका वेळ पाण्यात राहून आल्यासारख्या. करंगळी एवढी लहान की तिला नख आहे हे फोटो मोठा केल्यावर कळलं.

सकाळी ८.१५

निदान लिहिलेलं तरी पुसून टाकावं म्हणून ग्रुपवर गेलो. हात ओले होते, घाई झाली. ‘सर्वांसाठी’च्या जागी ‘फक्त माझ्यासाठी’ दाबलं गेलं. माझ्या फोनवरून गेलं. हायसं वाटलं.

आत्ता जावयांनी कळवलं, बाबा, ते अजून तिथंच आहे. त्यांना दिसतंय, लेकीला दिसतंय, हिला, विहीणबाईंना, व्याह्यांना दिसतंय. मला सोडून सगळ्यांना दिसतंय.